बहिणीच्या हातावरचा चौकोन

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, एक पांढरा चौकोन आहे. पत्त्याच्या पानाच्या निम्म्या आकाराचा. तिच्या अंगावर इतरही पांढरे डाग आहेत, पण ते आपोआप आले, त्यामुळे त्यांना धड आकार नाही. कोड काटकोनात वाढत नाही. हा चौकोन मी काढला.

मी केमिस्ट आहे. कॅनडातल्या मार्कहॅम शहरात एका लहानशा कंपनीत चेहऱ्याला लावायची सीरम तयार करते. बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द किती मोठ्या अक्षरांत छापायचा ते मार्केटिंगवाले ठरवतात. बाटलीतलं द्रव्य खरोखर कातडीत शिरतं का, हे बघायचं काम माझं. उत्तर बहुतेक वेळा ‘फारसं नाही’ असंच येतं. ते ऐकायला कुणालाच आवडत नाही, आणि मला ते सांगायला फार आवडतं. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याचा फुगा फुटला की मला बरं वाटतं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. घडीच्या पोळीला पदर असतात आणि पदरांच्या मध्ये तेल असतं, साधारण तशी त्याची रचना. फक्त इथे पदर पंधरा-वीस आणि सगळे मिळून कागदाहूनही पातळ. आमच्या सीरममधलं एक अँटिऑक्सिडंट म्हणजे व्हिटॅमिन सी. ते पाण्यात विरघळणारं, त्यामुळे ते या तेलकट पदरांवरून घसरतं. ते आत जावं म्हणून द्रावण चांगलंच आंबट करावं लागतं, आणि आंबट केलं की चरचरतं. शिवाय हवा लागली की ते कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं तपकिरी पडतं. दुसरं व्हिटॅमिन ई, तेलात विरघळणारं. त्याला पदर आवडतात, इतके की ते तिथेच मुक्काम ठोकतं आणि खाली जिवंत पेशींपर्यंत जायचं नाव घेत नाही. एकाला दार उघडत नाही, दुसरा उंबरठ्यावरच बसून राहतो. माझी निम्मी नोकरी या दोघांना आत ढकलण्यात गेली आहे.

चाचणीची एक रीत अशी: डुकराच्या कानाची कातडी काचेच्या दोन भांड्यांच्या मध्ये ताणून बसवायची, वर सीरम घालायचं, खाली मीठपाणी ठेवायचं आणि काही तासांनी खाली काय उतरलं ते मोजायचं. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी पुष्कळ जुळते. सासरी मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुसरी रीत जिवंत माणसावरची. हातावर सीरम लावायचं, थांबायचं, पुसायचं आणि मग त्याच जागी चिकटपट्टी दाबून ओढून काढायची. एकेका पट्टीबरोबर मेलेल्या पेशींचा एकेक पातळ थर निघून येतो. अशा वीस पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीवर किती औषध आलं ते मोजलं, की ते कुठवर पोचलं याचा हिशोब लागतो. निरोगी माणसाला याने काही होत नाही. जागा दिवसभर लाल राहते, एवढंच.

बहिणीला पहिला डाग आला तो गुडघ्यावर. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मिरजेत आमच्या गल्लीत सायकलवरून पडली, खपली धरली, आणि खपली गेल्यावर खालची कातडी पांढरी निघाली. पुढे कोपर खरचटलं, तिथेही तेच. आईने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. “हिला जिथे खरचटतं तिथे डाग येतो,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. त्याच दमात ती लोणचं बंद, दही बंद, मासे खाल्ले त्या दिवशी दूध बंद असंही सांगायची, त्यामुळे तिचं खरं निरीक्षण आणि तिचे गैरसमज आमच्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधले गेले. मी शास्त्र शिकले तेव्हा ते आख्खं गाठोडंच फेकून दिलं.

माझं लग्न घाईने उरकलं. धाकटीचे डाग बोटांपर्यंत यायच्या आत मोठीचं होऊन जाऊ दे, असा आईवडिलांचा विचार होता आणि तो मला माहीत होता. लग्नात बहिणीला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवला होता. फोटोत ती सगळीकडे मागच्या रांगेत आहे. मी स्टेजवरून तिला पुढे बोलावू शकले असते. नाही बोलावलं.

आई आणि बाबा दोघंही गेल्यावर ती कॅनडात आली. आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहू लागली आणि तिला इथल्या एका सार्वजनिक लायब्ररीत मुलांच्या विभागात काम मिळालं. तोवर तिची दोन्ही हातांची बोटं, मनगटं आणि हनुवटीचा थोडा भाग पांढरा झाला होता. भारतात तिची मलमं लावून झाली होती, अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसून झालं होतं. काही डाग भरले, काही नव्याने आले, आणि एके दिवशी तिने ते सगळं सोडून दिलं. लायब्ररीतली चार-पाच वर्षांची पोरं तिला सरळ विचारायची, “डझ इट हर्ट?” ती सांगायची, “नो, आय जस्ट केम इन टू कलर्स.” पोरांचं तेवढ्याने समाधान व्हायचं. संध्याकाळी ती मला हे हसत हसत सांगायची. मी हसायचे, पण मला ते आतून आवडायचं नाही. तिने हार मानली आहे असं मला वाटायचं. ती सुखात आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. त्या वर्षी आम्ही दोघी स्वयंपाकाच्या बाजूला होतो. बहीण ताटं वाढायला उभी राहिली, तेव्हा मंडळातल्या एक काकू गोड आवाजात तिला म्हणाल्या, “तू फुलांचं बघ हं. इथे वाढायला पुष्कळ जणी आहेत.” तिच्या हातांकडे त्यांनी पाहिलंही नाही, इतक्या सफाईने. माझ्या नाकावर राग असतोच. मी तोंड उघडणार तेवढ्यात मसालेभाताच्या पातेल्याशी उभा असलेला एक माणूस म्हणाला, “काकू, फुलं राहू द्या, मला इथे हेल्प पाहिजे. यांना इकडे पाठवा.” आणि त्याने आपल्या हातातला डाव सरळ तिच्या हातात दिला.

तो इथून चार-पाच तासांवरच्या कनाटाला एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर होता. मूळचा नागपूरचा, घटस्फोटित, बहिणीहून पाचेक वर्षांनी मोठा. त्याचा भाऊ मार्कहॅममध्ये राहायचा म्हणून तो लाँग वीकेंडला इकडे यायचा. त्यानंतर तो बहिणीला अधूनमधून फोन करू लागला. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आला तेव्हा आमच्याकडे जेवून गेला. बहीण त्या दिवशी उगाच चार वेळा वर-खाली करत होती. मी चिडवलं तर म्हणाली, “ताई, प्लीज. फ्रेंड आहे फक्त.” कान लाल झाले होते तिचे.

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले, आणि त्याचा फोन आला. मला, तिला नाही.

“ताई, तुमच्याशी आधी बोलावं म्हटलं,” तो म्हणाला. “तिच्या घरचं मोठं असं तुम्हीच आहात. मी तिला लग्नाचं विचारलं तर तुमची काही हरकत नाही ना?”

चाळिशीचा माणूस, एकदा संसार करून झालेला, आणि तरी आधी मोठ्यांना विचारतोय. मला भरून आलं. मी ‘अहो, विचारा की’ एवढंच म्हणायला हवं होतं. तो पुढच्या आठवड्यात आला असता, तिला विचारलं असतं, आणि पुढे काय व्हायचं ते त्या दोघांचं झालं असतं. पण मी मोठी होते आणि मला मोठ्यांसारखं बोलायचं होतं. मी डागांचा विषय काढला. त्याने काढला नव्हता, मी काढला.

मी म्हटलं, “तिच्यावर उपचार चालू आहेत. मी स्वतः एक फॉर्म्युला करतेय. सहा महिने थांबा. फरक पडेल.”

“त्याची काही गरज नाही हो, ताई,” तो म्हणाला. “मला ती आहे तशीच आवडते.”

हे शब्द त्याने इतके साधेपणाने म्हटले की मला ते खोटे वाटले. आत्ता म्हणतोय, उद्या नागपूरहून याची आई येईल, चार नातेवाईक येतील, तेव्हा बघू, असं मी मनात म्हटलं. माझी बहीण कुणी दया म्हणून पदरात घ्यावी हे मला नको होतं. ती बरी होऊन, हात पुढे करून लग्नाला उभी राहायला हवी होती. मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. तोवर तिच्याशी फार बोलू नका, तिला उगीच आशा लागायला नको. तो म्हणाला, “तुम्ही म्हणताय तर ठीक आहे.” वडीलधाऱ्यांचं ऐकायची त्याला सवय होती. आणि मी बहिणीला यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

उपचार वगैरे काही चालू नव्हते. ते मी त्या सोमवारी चालू केले. कोडात कातडीच्या रंगपेशींभोवती ऑक्सिजनची घातक द्रव्यं साचतात आणि त्यांनी पेशी मरतात, असं काही संशोधक मानतात. मग ती द्रव्यं निकामी करणारं अँटिऑक्सिडंट तिथवर पोचवलं तर? रंगपेशी वरच्या कातडीच्या अगदी तळाशी असतात. म्हणजे तो सगळा पदरांचा ढिगारा ओलांडून जायला हवं. माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. आयुष्यभर मी जे करत आले तेच आता बहिणीसाठी करायचं. डुकराच्या कातडीवर माझं मिश्रण छान उतरलं आणि मला जग जिंकल्यासारखं वाटलं. मी डॉक्टर नव्हते. डॉक्टरला एक शब्द विचारावा असं त्या सहा महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही.

आश्चर्य म्हणजे बहीण लगेच तयार झाली. एवढी वर्षं मलमाचं नाव काढलं की उठून जाणारी, ती म्हणाली, “लाव. बघू तरी.” मला वाटलं, माझ्या बोलण्याने पटलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याचे फोन बंद झाले होते. तिने दोन मेसेज केले, त्यांना त्याने सभ्य, आखडती उत्तरं दिली. का, याला तिच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते तिच्या मनगटापासून बोटांपर्यंत पसरलेलं होतं. ती घरातसुद्धा बाह्या खाली ओढून बसू लागली. लायब्ररीतल्या पोरांचे किस्से थांबले. एकदा तिने विचारलं, “यापेक्षा स्ट्राँग नाही का करता येत?” मी म्हटलं, “बघते.” तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मूग गिळून बसले.

रविवारी दुपारी आम्ही डायनिंग टेबलाशी बसायचो. औषध डागांवर लावण्याआधी ते किती खोल जातं ते बघायचं, म्हणून तिच्या डाव्या हातावर, डाग नसलेल्या, तिच्या मूळच्या गव्हाळ रंगाच्या जागी मी फूटपट्टी ठेवून चौकोन आखायचे. सीरम लावायचे. तीन-चार तासांनी एकामागून एक वीस पट्ट्या काढायचे आणि प्रत्येक पट्टी एकेका लहान बाटलीत टाकायचे. ती चेष्टा करायची, “तुझ्या डुकरांपेक्षा मी बरी ना? गप्पा तरी मारते.” सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाटल्या लॅबच्या मशीनवर घालायचे. पहिल्या चार-पाच पट्ट्यांवरच सगळं सापडायचं, खाली जवळजवळ काही नाही. मी मिश्रण बदललं, परत लावलं, परत पट्ट्या काढल्या. त्याच चौकोनावर. जागा बदलली तर तुलना कशी करणार?

आणि हळूहळू आकडे सुधारले. औषध खोल जायला लागलं. मी घरी येऊन ते अभिमानाने सांगितलं. माझं मिश्रण सुधारलं नव्हतं, मी आठवड्यामागून आठवडे तिची कातडी सोलून पातळ केली होती. एखाद्या शिकाऊ पोरीने मला असे आकडे दाखवले असते तर मी तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. “ताई, आता बोलू का तिच्याशी?” मी म्हटलं, “अजून दोन-तीन महिने. रिझल्ट चांगले येताहेत.” तो म्हणाला, “आईची तब्येत बरी नसते. ती लग्नाचं सारखं विचारते आहे.” मी म्हटलं, “तुम्हाला घाई असेल तर तसं सांगा.” हे मी कशासाठी म्हटलं, मला आजही कळत नाही. बहुधा जिंकायला.

एप्रिलमध्ये तो चौकोन उठला. आधी कडेने फिकट, मग सगळाच. काटकोन स्वच्छ दिसत होते. बहिणीने हात माझ्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाली, “ताई, आई म्हणायची ना, जिथे खरचटतं तिथे.” मी तो हात हातात घेतला. कोडात कातडीला इजा झाली की तिथे नवा डाग येऊ शकतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. आईला ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. बहिणीला आठवत होतं. ते फक्त मला आठवलं नाही, कारण आठवलं असतं तर थांबावं लागलं असतं.

मेमध्ये तो नागपूरला गेला. तिथून त्याने फोन केला, पुन्हा मलाच आधी. तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधी सांगतोय,” असं म्हणाला. मी अभिनंदन केलं. जूनमध्ये मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. बहिणीने फोन जवळ धरून ते नीट पाहिले. म्हणाली, “गोड दिसते ती. मेंदी किती रंगलीय बघ.” मग जिना उतरून खाली गेली.

तीन वर्षं मी गप्प राहिले. सांगून आता काय उपयोग, असं स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मंडळातल्या त्या काकूंशी मी त्या सप्टेंबरपासून बोलत नव्हते, आणि एकदा भाजी चिरताना लक्षात आलं, की त्यांनी तिला फक्त एका जेवणाच्या पंगतीतून बाजूला केलं होतं.

मागच्या वर्षी बहिणीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, एटोबिकोच्या बाजूला नोकरी मिळाली. तिने तिथे काँडो, म्हणजे फ्लॅट घेतला. सामान लावायला मी गेले होते. दुपारी खोक्यांच्या मध्ये बसून चहा प्यायलो. बोलता बोलता त्याचा विषय निघाला, त्याला मुलगी झाली म्हणून.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मी त्याच्यावर कधी रागावले नाही गं. आधी त्याला वाटलं असेल जमेल, मग हात बघून धीर सुटला असेल. मी त्याच्या जागी असते तर माझंही तेच झालं असतं.”

ती हे त्याची बाजू घेऊन बोलत होती. इतकी वर्षं ती असं धरून चालली होती, की एका चांगल्या माणसालासुद्धा तिचे हात बघवले नाहीत. मला पुढचं ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. नोव्हेंबरचा फोन, फेब्रुवारीचा फोन, मेचा फोन. पट्ट्यांचं तर तिला माहीतच होतं.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “डागांबद्दल तो काय म्हणाला?”

“गरज नाही म्हणाला.”

“त्याच्याच शब्दांत सांग.”

“‘त्याची काही गरज नाही हो, ताई. मला ती आहे तशीच आवडते.’”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, “मला माफ कर.” तिने मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते मला कळलं नाही.

“कदाचित मी त्याला नाहीच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “कनाटाला जाऊन राहायचं, त्याची आई, सगळं. नाही म्हटलं असतं कदाचित. पण मला कुणीतरी विचारलं होतं, एवढं तरी मला माहीत असतं ना, ताई.”